सर्वपित्रीचा घास

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. नारायण पेठेतले आमचे शेजारी, बँकेतले शरच्चंद्र आपटे, गाई पाळायला गेले. कोथरूडच्या टेकडीखाली त्यांच्या बहिणीची मोकळी जागा होती. त्या जागेचे त्यांनी तारा ओढून तुकडे पाडले आणि तीन देशी गाई आणल्या. एका तुकड्यातलं गवत खाऊन झालं की गाई पुढच्यात. मागचं तोवर पुन्हा वाढायचं. पवना, मारवेल ही गवतं, मधे रानमूग, सगळं मिसळून. पेंड नाही, फवारणी नाही, खत म्हणजे त्यांचंच शेण. पेठेने त्यांना वेड्यात काढलं. मी मात्र स्कूटरवर त्यांच्यामागे बसून रोज जायचो, कारण त्या गाई माणसांपेक्षा फार स्वच्छ होत्या.

घाण होती ती कुंपणाबाहेर. गाई दिसल्या आणि शेजारच्या सोसायटीला एकदम धर्म आठवला. शिळ्या पोळ्या, आंबलेला भात, विटलेली खीर. कचऱ्यात टाकायची लाज वाटते ते सगळं गाईला, वर नमस्कार. शरच्चंद्र अदबीने सांगत, यांना गवताचीच सवय आहे, शिजवलेलं अन्न पोटात आंबून त्या मरतील, त्यातून गौरी गाभण आहे. मंडळी माना डोलवायची आणि यांची पाठ वळली की टाकायची.

सर्वपित्री अमावास्येला घरच्या श्राद्धामुळे आम्हाला पोचायला दुपार झाली. तोवर सगळ्यांचे पितर जेवून गेले होते. तारेखाली पत्रावळींचा खच, त्यात भात, वडे, पुरण आणि माशा. गौरी पोट फुगवून बसली होती, तोंडाला आंबूस फेस. गुरांच्या डॉक्टरांनी नळी घातली, औषध पाजलं. घटस्थापनेच्या सकाळी ती गेली, पोटातल्या वासरासकट.

महापालिकेच्या गाडीची वाट पाहत असताना सोसायटीतल्या एक बाई आल्या. निदान वाईट वाटल्याचं बोलतील, असं मला वाटलं. त्या तारेवरून डोकावल्या.

"अहो, काल आमच्या सासऱ्यांचा घास हिनेच खाल्ला होता. त्यांना पोचला असेल ना?"

शरच्चंद्रांनी गौरीच्या अंगावरचं पोतं सारखं केलं.

"पोचला. गाईसकट पोचला."

बाईंना केवढं समाधान वाटलं! त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि देवीला फुलं आणायला निघून गेल्या.