मारुतीची डिस्क आज बसवली

मारुती गेला. त्याने सुरू केलेली चाचणी मात्र माझ्या टेबलाशेजारी चालूच राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मारुती माझा शाळेपासूनचा मित्र. मूळचा हिर्डोशीचा, भोरमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान. मी ज्या पतसंस्थेचा व्यवस्थापक आहे, तिथला सर्व्हर पहिल्यापासून त्याच्याच हातातला.

मी कॉमर्सचा, म्हणून त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. भर ऑफिसात, खातेदारांसमोर, "ए बीकॉम!"

सर्व्हरची जुनी डिस्क थकली होती. एकेका नोंदीसाठी खातेदार काउंटरसमोर ताटकळत असत. म्हणून एसएसडी प्रकारची नवी, वेगवान डिस्क मागवली. खोक्यावर वेग छापलेला होता. मला तो पुरेसा वाटला.

मारुतीला नाही.

"रिकामी डिस्क पळणारच की. पोटभर खायला घाल, मग पळव. तवा कळंल."

ही त्याची पद्धत. नवी डिस्क आधी काठोकाठ भरायची. पुसायची. पुन्हा भरायची. सुरुवातीला वेगाचा आकडा डोळे दिपवतो, मग घसरतो, आणि बऱ्याच वेळाने एका जागी स्थिरावतो. मारुतीच्या लेखी तोच खरा आकडा. तो दिसल्याशिवाय त्याने एकही डिस्क आमच्याकडे कामाला लावू दिली नाही.

गेल्या खंडेनवमीचा प्रसंग आमचा स्टाफ अजून सांगतो.

अशीच एक डिस्क सर्व्हरला जोडून चाचणी सुरू होती, आणि वेग एकदम कोसळला. मी तत्काळ विक्रेत्याला फोन करून चांगले सुनावले. तेवढ्यात मारुती आला. स्क्रीनकडे पाहिलेसुद्धा नाही. सर्व्हरवर हात ठेवला.

"तापलाय." मग खाली वाकला. "बीकॉम, ह्यो हार कुणी घातला?"

आमच्या कॅशियर शिंदेबाईंनी सकाळी पूजा करून सर्व्हरला झेंडूचा भरगच्च हार घातला होता. नेमका पंख्याच्या जाळीवर. हवा आत जाईना. आणि डिस्क फार तापली, की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते.

"वर्षातून एकदा हात जोडावेत म्हणून घातला हो," शिंदेबाई फुरंगटल्या.

"जोडा की बाई. पर जित्याचं नाक दाबून हार घालत्यात व्हय?"

सगळे हसले. विक्रेत्याला पुन्हा फोन करणे मला भाग होते. मारुती शेजारी खुर्ची ओढून चहा पीत ऐकत बसला.

"नीट माफी माग. बीकॉमची माफी लई दुर्मिळ असती."

या वेळी त्याने चाचणी लावली आणि भात काढायला गावी निघाला. दारातून वळून म्हणाला, "आकडा थांबू दे. म्या आल्याबिगर डिस्क बसवू नको."

"आणि तू आलाच नाहीस तर?"

त्याच्या नेहमीच्या उशिराला मारलेला टोमणा होता तो. एवढेच.

"मग तुझं तू बघ. बीकॉम हाईस ना?"

खाचरात भात कापताना त्याच्या छातीत कळ आली. घरच्यांनी टेम्पोत घालून भोरकडे आणले. धरणाच्या कडेचा रस्ता संपायच्या आत सगळे संपले.

इकडे आकडा स्थिरावला. मी पाहिला.

स्टाफने विचारले, "साहेब, बसवायची का?" मी नको म्हणालो. जुन्या डिस्कवरच काम चालवले. खातेदारांची बोलणी ऐकून घेतली.

कारण उघड होते. डिस्क बसवली, तर मारुती आता येणार नाही हे मी मान्य केले, असा त्याचा अर्थ होणार होता.

काल तेरावा झाला. निघताना त्याच्या पत्नीने, सुमनवहिनींनी, मला अंगणात थांबवले.

"भावजी, ती डिस्क लावली का?"

"नाही वहिनी. तो म्हणाला होता, मी आल्याशिवाय..."

"म्हाईत हाय मला. टेम्पोत बी त्येच चाललं हुतं त्यांचं. बीकॉम तसाच बसून ऱ्हाईल म्हनं, आन् लोकं खोळंबतील."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"लावा आता. लोकांना किती उभं करताय?"

आज सकाळी ऑफिस उघडण्यापूर्वी आम्ही डिस्क बसवली. सर्व्हर सुरू झाला.

शिंदेबाईंनी सर्व्हरच्या टेबलावर मारुतीचा फोटो ठेवला आहे. फोटोला झेंडूचा हार. त्याचे एक टोक लोंबून पंख्याच्या जाळीवर आले होते.

मी हात पुढे करण्याआधी बाईंनीच ते उचलले, हळूच बाजूला सारले, आणि तोंडाला पदर लावून त्या बाहेर गेल्या.

मारुती, काउंटरसमोर आज कुणाला थांबावे लागले नाही.

जाळी मोकळी आहे.

दुपारी चहा आला, तेव्हा सवयीने तुझी खुर्ची ओढली. मग तशीच ठेवली.

तुझ्या बीकॉमचा तुला शेवटचा नमस्कार.