आईनं शोधलेला तडा

वडील गेल्यावर दौलताबादच्या मळ्यातली सीताफळं आईच जीपमधून शहरात आणायची. पुढं तिचे गुडघे धरले आणि जीप बरीच वर्षं शेडमध्ये पडून राहिली. गेल्या हिवाळ्यात मी ती दुरुस्तीला काढली आणि एक दिवस आईला घेऊन गॅरेजवर गेले. जीपची बॉडी उतरवली होती. नुसती चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली होती.

मिस्त्री म्हणाले, "मागं एक तडा आहे. तिथं लोखंडी पट्टी वेल्ड केली की झालं."

आईनं त्यांच्याकडून हातोडी मागून घेतली. कण्हतच खाली बसली आणि चासीवर टकटक करत, कान देऊन हळूहळू पुढं सरकली. पुढच्या चाकाजवळ थांबून म्हणाली, "हितं बी हाय. आवाज लई बद्द येतोय."

मिस्त्रींनी गंज घासून काढला. आत केसासारखी बारीक चीर होती. ते म्हणाले, "अम्मा, तुम्ही सांगाल तिथं पट्टी मारतो."

रिक्षात मी विचारलं, "तुला हे कसं कळलं?"

"तू ल्हान होतीस. मागं फळांच्या पाट्यांमधी झोपायचीस. रस्त्यात गाडी मोडली तर तुला घेऊन कुठं जाऊ? म्हणून सगळा वेळ खालचा आवाजच ऐकायची."

गाडी चालवताना आई गप्प असायची, तेव्हा ती रागावलीय असं मला वाटायचं. मी तिचा हात हातात धरून ठेवला.

पंधरा दिवसांनी जीप तयार झाली. मी चालवायला बसले. शेजारी बसून आई भावकीतल्या एका लग्नाचं सांगायला लागली, आणि दौलताबाद आलं तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं.