अंगण खरंच वाकडं होतं

सगळे त्यांना घड्याळराव म्हणत. दिवसा ते लोकांची घरं रंगवत आणि संध्याकाळी बँडमध्ये ड्रम वाजवत, आणि दोन्हीकडे त्यांच्या हाताची ख्याती एकच: हात जागचा हलत नाही. खिडकीच्या चौकटीला ते चिकटपट्टी न लावता कड ओढत आणि काचेवर रंगाचा ठिपका पडला तर शप्पथ. ड्रमवर बसले की गाणारा भरकटो, गिटारवाला पळो, यांचा ठेका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढे बँड मोडला, सत्तरी आली, पण नाव टिकलं. बायको त्यांना "आमचं घड्याळ" म्हणायची आणि वर पुस्ती जोडायची, "जेवायच्या वेळी तर फारच बरोबर चालतं!"

अशात एक दिवस बँडमधल्या गिटारवाल्याचा फोन आला. तो आता दुसऱ्या शहरात राहायचा. बोटं वाऱ्यासारखी चालत म्हणून त्याला सगळे तुफान म्हणत.

"घड्याळ्या, आपण रचलेली गाणी आपल्याबरोबरच जायची. त्यापेक्षा रेकॉर्ड करू या. मी गिटार वाजवून पाठवतो, त्यावर तू तुझ्या घरी ड्रम वाजव, मग बाकीचे. हल्ली सगळं घरबसल्या होतं."

घड्याळरावांना आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्याच दिवशी मुलगा आणि सूनबाई यांना घेऊन ते कॉम्प्युटरच्या दुकानात हजर.

सूनबाई इमारतींचे नकाशे काढायची, तिचा दिवसच कॉम्प्युटरसमोर जायचा. ती दुकानात शिरता शिरताच म्हणाली, "बाबा, माझा जुना कॉम्प्युटर घरी आहे ना. दिसायला खोकं आहे, पण दमदार आहे. आपण नुसती आवाज आत घेणारी छोटी पेटी घेऊ, एक माइक आणि वायरचा हेडफोन."

वायर! हा शब्द म्हणजे घड्याळरावांची दुखरी नस. ऐन तारुण्यात, भर कार्यक्रमात, टाळ्या घ्यायला म्हणून ते ड्रममागून ऐटीत उठले होते आणि पायात वायर अडकून माइकच्या स्टँडसकट पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन पडले होते. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला तो कायमचा.

"वायरींचं जंजाळ घरात नको म्हणजे नको," त्यांनी जाहीर केलं. "जमाना कुठे गेला आणि तू खोकं काय घेऊन बसलीस!"

दुकानदाराला तेवढंच हवं होतं. त्याने आरशासारखा चकचकीत लॅपटॉप काढला आणि बिनवायरचा गुबगुबीत हेडफोन घड्याळरावांच्या डोक्यावर चढवला. यांनी काचेत स्वतःला पाहिलं आणि खरेदी तिथेच पक्की झाली. माइकची वीतभर वायर तेवढी त्यांनी नाइलाजाने खपवून घेतली. सूनबाईने एकदा तोंड उघडलं होतं, पण मुलाने तिला डोळ्यांनीच थांबवलं. पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओता!

मागच्या खोलीत ड्रम मांडला. कानात तुफानची गिटार सुरू झाली आणि घड्याळराव वाजवू लागले. काय वाजवलं! हात आपसूक जिथल्या तिथे पडत होते. दारात उभी असलेली बायको मान डोलवायला लागली. संपल्यावर ते विजयी वीरासारखे उठले. "लाव," ते मुलाला म्हणाले. "घरभर ऐकू दे."

मुलाने लावलं, आणि गिटारच्या मागून, घाईत निघालेल्या माणसामागे कुणी चपला शोधत यावं तसा, ड्रम आला. प्रत्येक ठोका उशिरा.

पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. वाजवताना सगळं जागेवर आणि ऐकताना सगळं मागे. आपण चुकतोय हे चुकताना कळतच नाही, याची घड्याळरावांना भीती वाटली.

"बाबा, मशीनचंच काहीतरी असेल," मुलगा म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं!" ते गरजले. "असल्या वाजवणाऱ्यांना मी जन्मभर हसत आलो. आता मीच तसा होऊ?"

रेकॉर्डिंग त्यांनी तसंच पाठवलं. तुफानचा फोन यायला वेळ लागला आणि आला तेव्हा त्याचा आवाज नको तितका मऊ होता. "वाईट वाटून घेऊ नकोस, मित्रा. वय कुणाला चुकलंय? आपण कॉम्प्युटरचा तयार ड्रम लावू. तुझं नाव मात्र राहील हं, पहिलं."

नाव राहील आणि हात राहणार नाही! घड्याळराव "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ड्रमवर चादर टाकली. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट रंगवायला घेतली होती, ती अर्धी तशीच सोडली. "हात गेला," ते बायकोला म्हणाले. "आता कड ओढायला नको, वाकडी येईल." चौकटीखालचा रंगाचा डबा तिने झाकण लावून कोपऱ्यात ठेवला.

रविवारी सकाळी सूनबाई तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिने हाक मारली, "बाबा, जरा इकडे या."

"मला नाही बघायचं ते."

"या हो. ऐकायचं नाही, नुसतं बघायचंय." ते कुरकुरत आले. पडद्यावर वर गिटारच्या उभ्या रेघा होत्या, खाली ड्रमच्या. सूनबाईने बोट ठेवलं. "हा तुमचा ठोका इतका मागे. हा पुढचा, इतकाच मागे. हा शेवटचा, तरीही इतकाच. बाबा, थकलेला हात कधी मागे पडेल, कधी पुढे जाईल. असा शिस्तीत उशीर कोण करतं?"

घड्याळराव खाली वाकले. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. अंतर सगळीकडे खरोखरच सारखं होतं.

मग सूनबाईने गंमत केली. हेडफोन माइकला टेकवून धरला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. ड्रमवर चादर, वाजवायला कुणी नाही, नुसती तुफानची गिटार हेडफोनमधून माइकमध्ये जातेय. थांबवून तिने पडदा दाखवला. वर गिटार, खाली तीच गिटार, आणि खालची मागे. ड्रम जेवढा मागे होता, बरोब्बर तेवढीच.

"बिनवायरच्या हेडफोनमध्ये आवाज पोचतोच उशिरा," ती म्हणाली. "तुमच्या कानात गिटार उशिरा आली. तुम्ही तिच्याबरोबर अगदी चोख वाजवलंत. हात तुमचा बरोबर आहे, बाबा. मागे पडतोय तो हेडफोन."

घड्याळरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग मांडीवर थाप मारून ते ओरडले, "म्हणजे अंगणच वाकडं होतं!"

"होतं ना," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि ते अंगण हट्टाने घरी कुणी आणलं?"

तासाभरात अदलाबदल झाली. चकचकीत लॅपटॉप सूनबाईला आणि तिचं खोकं यांना. छोटी पेटी आणि वायरचा हेडफोन मुलाने धावत जाऊन आणला. खोक्याचा पंखा घरघरायचा, म्हणून ते स्वयंपाकघरात ठेवायचं ठरलं, आणि पेटीची लांब वायर त्या अर्धवट चौकटीवरून मागच्या खोलीत न्यायची. ती न्यायला घड्याळरावांनी कुणाला हात लावू दिला नाही. चौकटीच्या कडेने त्यांनी ती खिळ्यांत पक्की बसवली, डबा उघडला आणि चौकट आणि वायर एकाच रंगात रंगवून काढली. शेजारच्या भिंतीवर एक ठिपका नाही. वायर कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं ते शोधून सापडेना.

मग चादर काढली आणि वाजवलं. या वेळी लावून ऐकलं तेव्हा ड्रम गिटारच्या मांडीला मांडी लावून बसला होता. मुलाने शिट्टी मारली.

रेकॉर्डिंग पाठवलं आणि तुफानचा फोन लगेच आला. "कुणाकडून वाजवून घेतलंस रे?"

"माझ्याकडून."

मग तुफान जरा चाचरत म्हणाला, "घड्याळ्या, दुसऱ्या कडव्यानंतर... माझी गिटार पळतेय का?"

"तरुणपणापासून पळतेय. तेव्हा टाळ्यांत ऐकू यायचं नाही."

तुफान इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "मग माझी गिटार पुसून टाक. नुसता ड्रम पाठव. आधी तू वाजवायचंस, आणि आम्ही सगळे तुझ्यावर."

घड्याळराव फोन ठेवून दारात आले. "ऐकलंस का," ते बायकोला ऐटीत म्हणाले. "आता सगळा बँड माझ्या ठेक्यावर चालणार."

"चालेलच," ती म्हणाली. "चौकटीला टेकू नका, रंग ओला आहे."