तनूने दाबलेलं बटण

मित्रांनो, माझी सहा वर्षांची पुतणी तनू हिला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. जेवायला बोलवायचं तर आम्ही स्वयंपाकघरातलं बटण दाबतो. तिच्या मनगटावरचा पट्टा थरथरतो आणि ती भिंत धरून येते.

आज तिने चाचपडत स्वतःच ते बटण दाबलं. परत परत दाबलं. बिघडेल म्हणून मी तिला बाजूला घ्यायला धावलो.

वहिनी म्हणाल्या, “अवो भावजी, ती बोलावतीय कुणाला तरी! पट्टा तिच्याच हातात हाय, कोण येनार?”

मी पट्टा काढून माझ्या हाताला बांधला. तिने पुन्हा बटण दाबताच मी जाऊन तिचा हात धरला. तिने मला माठापाशी ओढत नेलं.

असा दुसरा पट्टा कुठे मिळेल, कुणी सांगाल का?