आलेखासाठी थांबलेली एसटी

मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मी कारंज्याला निघाले होते. एसटीत शेजारी बसलेली तिशीची बाई मांडीवर आलेख कागद ठेवून दोन समीकरणं सोडवत होती.

"गणितात दोनदा नापास झाली. सासरे म्हणतात, आता आखरीचं," ती म्हणाली.

धक्क्यांनी एक रेषा वाकडी गेली. छेदबिंदूच्या किमती दुसऱ्या समीकरणात बसेनात. तिनं ती रेषा खोडली.

किन्हीराजाला गाडी थांबली. कंडक्टरनं घंटीची दोरी धरताच ती म्हणाली, "भाऊ, थांबा जरा! रेघ ओढू द्या."

कंडक्टर थांबला. तिनं फूटपट्टी दाबून रेषा ओढली, किमती ताडून पाहिल्या.

"जमलं काय, बाई?" त्यानं विचारलं.

"दोन्हीले पटलं!"

तिचा निकाल मला कधी कळला नाही. कारंज्याला मात्र कंडक्टरनं तिला सगळ्यांआधी उतरू दिलं.