झाडलेली वाळू

अभयारण्याच्या त्या रखवालदाराला सगळे 'फांदीवाले काका' म्हणत. रोज दुपार कलली की ते नदीकाठच्या वाळूवरून पानांची मोठी फांदी ओढत जात. वाळू पाटीसारखी कोरी झाली, की रात्री पाण्यावर कोण आलं ते सकाळी ठशांवरून कळे.

"घर झाडा म्हटलं की कंबर धरते, आणि जंगल झाडायला बरे पळता!" काकू म्हणायच्या.

त्या दिवशी झाडावरची माकडं एकाएकी गप्प झाली. मनाचा हिय्या करून काका मागे वळले. त्यांची स्वतःची पावलं फांदीनं पुसली होती, पण त्या कोऱ्या वाळूत बिबट्याचे ताजे ठसे होते; थेट फांदीच्या टोकापर्यंत आलेले आणि तिथून गवतात शिरलेले.

"उद्यापासून उलटे चाला," काकू घरी म्हणाल्या.

"आणि पुढून आला तर?"

दुसऱ्या दिवशी काकू वाळूवर आल्या आणि काकांच्या पाठीला पाठ लावून उलट्या चालू लागल्या.