दहापैकी तीन

साक्षात परमेश्वर आपली सगळी सृष्टी घेऊन आमच्या साडूंच्या दारात उभा राहिला असता, तर त्याला दहापैकी सहा गुण मिळाले असते आणि सूर्यास्त जरा भडक झाल्याबद्दल चार ओळींची सूचनाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी विभागात काढली. यंत्रातून निघालेला दातेरी चक्राचा नग हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की घरी आमटीचा पहिला भुरका घेतल्यावरही ते क्षणभर छताकडे बघत. माझ्या लग्नानंतर आमच्या घरी झालेल्या पूजेच्या जेवणात आमच्याकडच्यांनी व्याह्यांना जेवण कसं झालं असं विचारलं, तर बाकीचे 'उत्तम, उत्तम' म्हणत असताना हे गृहस्थ म्हणाले, "मठ्ठा बरा होता." त्या एका 'बरा'वरून माझी आई पुढे कित्येक वर्षं धुसफुसत होती.

मग देशाचे दरवाजे उघडले, बाहेरची यंत्रं आली. ती यंत्रं माल बनवत आणि स्वतःच तपासत. साडूंच्या विभागाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तिच्यात स्वेच्छा कुणाची होती हे साडूंनी साहेबांना लेखी विचारलं होतं, पण उत्तर आलं नाही. निरोपाच्या समारंभात त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी तिथल्या तिथे कानाला लावलं आणि "मागे पडेल," असं सांगून पिशवीत ठेवलं. त्यानंतरचे काही महिने फार वाईट गेले. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. ते गॅलरीत उभे राहून खालून जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरपाट्या सरळ आहेत की तिरप्या ते बघत. माणूस दिवसेंदिवस बारीक होत चालला होता आणि आम्हाला त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

त्यातून त्यांना बाहेर काढलं एका कॅमेऱ्याने. तो त्यांनी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून घेतला. दुकानदाराला त्यांनी इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, "साहेब, आपण घेऊ नका. आपल्याला हा शोभणार नाही." हे ऐकल्यावर ते घेऊनच आले. मग दररोज सकाळी मंडईत जाऊन ते वांग्यांचे फोटो काढू लागले. एकदा वांगी नीट रचून घेण्यासाठी त्यांनी वाटा हलवला, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "घ्याची आसतील तर घ्या. फोटूनं भरीत हुत न्हाई." साडूंना हा शेरा आवडला होता. तो त्यांनी आम्हाला स्वतःच सांगितला आणि वर "नेमकं बोलली," अशी पावतीही दिली. आमच्या ओळखीत त्यांच्याकडून असं काही मिळालेली ती एकटीच.

खरं आयुष्य मात्र त्यांना मिळालं ते संगणकावर. परदेशातली कुठलीशी एक साइट होती, तिच्यावर दर आठवड्याला छायाचित्रांची स्पर्धा असे. विषय जाहीर व्हायचा, जगभरचे सभासद एकेक फोटो पाठवायचे आणि मग आठवडाभर सगळ्यांनी एकमेकांच्या फोटोंना एक ते दहा गुण द्यायचे. परीक्षक असा कुणी नाही, स्पर्धक तेच परीक्षक. फोटोखाली नाव नसे. आपला फोटो कुठला ते कुणाला सांगायचं नाही, स्वतःला मत द्यायचं नाही, आणि निदान इतक्या फोटोंना तरी मत दिलंच पाहिजे, नाहीतर तुमची सगळी मतं बाद. मुदत संपली की सरासरी निघे, क्रम लागे आणि मग कुठला फोटो कुणाचा आणि कुठला शेरा कुणाचा ते सगळ्यांना कळे. साडूंनी ही नियमावली वाचली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. निनावी माल, कोरी पाटी आणि न्यायाचा अधिकार! निवृत्त झालेल्या तपासनिसाला आणखी काय पाहिजे?

बाकीचे सभासद नियमापुरती मतं देऊन मोकळे व्हायचे. साडू प्रत्येक फोटोला मत देत आणि प्रत्येकाखाली शेरा लिहीत. शेरे इंग्रजीत, पण ते इंग्रजी कारखान्यातलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'घोडा चांगला. जमीन तिरपी. पुन्हा करावे.' किंवा, 'बाळ ठीक. पाठीमागचा पडदा धुवावा.' फिनलंडच्या एका बाईंनी असा शेरा वाचून त्यांना आभाराचं पत्र पाठवलं, तर साडू दोन दिवस अस्वस्थ होते. हा पुढच्या वेळच्या गुणांसाठी लावलेला वशिला आहे, असं त्यांचं ठाम मत झालं. वरच्या मजल्यावर हिंजवडीला नोकरी करणारा एक नागपूरकडचा तरुण राहत असे, तोही या स्पर्धेत होता. ऑफिसातल्या साऱ्या मित्रांना त्याने सभासद करून घेतलं होतं. एकदा जिन्यात साडूंना म्हणाला, "काका, तो रेड अंब्रेलावाला माझा आहे बरं का. बघा ना जरा, सपोर्ट करा." साडूंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता तो फोटो माझ्या ओळखीचा झाला. त्याला मत देता येणार नाही. मी आठ देणार होतो." तो बिचारा पुढे महिनाभर जिना चुकवून लिफ्टनेच ये-जा करत होता.

स्वतःच्या फोटोंचा क्रम मात्र नेहमी खालून मोजायला सोपा असे. त्यांची वांगी कुणाला फारशी रुचली नाहीत. पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. ते वाट बघायचे ती मतदानाच्या आठवड्याची. पहाटे उठून फोन संगणकाला जोडत, तो कर्कश आवाज होई आणि मग दुपारपर्यंत त्यांची पाठ घराकडे. त्या घरात त्यांच्या पत्नी, आमच्या ताई, होत्या. मूल नव्हतं. ताई चहा ठेवून जात, कप उचलून नेत, मधूनच दाराशी उभ्या राहत. एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "दिवसभर हे त्या पडद्याकडे बघत असतात गं. कुठल्या कुठल्या बायका, कुठली कुठली मांजरं. म्हटलं, आपणही एकदा तिकडून दिसावं." बोलल्या हसत, पण हसण्यासारखं त्यात फार काही नव्हतं.

आणि ताईंनी ते केलं. आदल्या हिवाळ्यात आम्ही चौघं एका लग्नाला साताऱ्याला निघालो होतो. स्वारगेटला गाडी लागायची होती आणि साडू चौकशीच्या खिडकीशी उभे होते. माकडटोपी, मरून रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, हात पाठीमागे बांधलेले. बाकावरून ताईंनी माझ्या बायकोच्या छोट्या कॅमेऱ्यात त्यांचा फोटो काढला होता, तो तसाच आमच्याकडे पडून होता. पुढे स्पर्धेला 'प्रतीक्षा' असा विषय आला, तेव्हा दोघी बहिणींनी आमच्या घरच्या संगणकावरून माहेरच्या नावाने ताईंना सभासद करून तो पाठवून दिला. साडू ओळखतील अशी मला भीती होती. पण माणसाने स्वतःची पाठ कधी बघितलेली असते? आणि थंडीत पुण्यातला कुठलाही निवृत्त माणूस पाठीमागून तसाच दिसतो.

मतदानाच्या मध्यावर ताई आमच्याकडे आल्या. माझी बायको त्यांना शेरे मोठ्याने वाचून दाखवू लागली. कुणाला तो फोटो आवडला होता, कुणी हे देऊळ कुठलं म्हणून विचारलं होतं. मग एक लांबलचक शेरा आला. 'हे आमच्याच शहरातील स्थानक आहे. आपलेपणाचा आरोप नको म्हणून एक गुण कमी करीत आहे. माणसाचा चेहरा नाही. डाव्या कडेला कुणाचा तरी अर्धा हात व पिशवी घुसली आहे. छायाचित्रकाराचे कडांकडे लक्षच नाही. निष्काळजीपणा. दहापैकी तीन.'

ताई आधी तोंडावर पदर धरून हसल्या. "हे यांचंच. आणखी कोण एवढं लिहिणार?" मग हसणं हळूहळू ओसरलं. बायको म्हणाली, "मी सांगते भावजींना. अजून मुदत आहे, मत बदलता येतं." ताईंनी मान हलवली. "अजिबात नाही हं. सांगून मतं घ्यायची असती तर नगरपालिकेला उभी राहिले असते." जाताना दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा थाडकन लागला. "वेंधळी झालेय मी अलीकडे," म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

निकाल रविवारी लागायचा होता. गंमत बघायला आम्ही दोघं मुद्दाम त्यांच्याकडे पोह्यांना गेलो. साडूंनी बशी बाजूला ठेवून निकाल उघडला आणि खालून वर येऊ लागले. मध्येच थांबले. नाव वाचलं, पुन्हा वाचलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "हा... हा मी आहे?"

"तुम्हीच," ताई म्हणाल्या आणि पडद्याजवळ आल्या.

आता या माणसाला 'चुकलं' म्हणायची सवय नव्हती. त्यांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून ते शेऱ्याच्या बचावाला लागले. "पण, अगं, हा हात. कडेला एवढा मोठा हात आलाय. हा कुणालाही दिसेल."

"कुठला हात?"

साडूंनी पडद्यावर बोट ठेवलं. ताई समोर बघत होत्या. "मला तर तुम्हीच दिसताय," त्या म्हणाल्या, अगदी सहज. मग साडूंनी बोट तसंच ठेवलेलं पाहून त्यांनी सगळी मान डावीकडे वळवली. "अगंबाई! आहे की."

साडूंनी खुर्ची ताईंकडे वळवली. त्यांनी हात पडद्यावरून उचलला आणि ताईंच्या डाव्या कानापासून थोडं पुढे, हवेत धरला. "समोर बघ. हलू नकोस. माझा हात दिसला की सांग." हात हळूहळू पुढे येऊ लागला. माझ्या हातात चमचा होता, तो मी खाली ठेवला. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ताई म्हणाल्या, "हा, दिसला." मग त्यांनी दुसऱ्या बाजूने तसंच केलं. दाराच्या चौकटी, कपाबाहेर सांडलेला चहा, मंडईत लोकांना लागणारे धक्के हे सगळं आम्हा तिघांना एकदम आठवलं असावं, कारण कुणी कुणाकडे बघेना. या सगळ्यावरून साडू त्यांना कायम रागावत आले होते.

काचबिंदू निघाला. हा कडांपासून खात येतो आणि दुखत नाही, म्हणून कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली थेंबांनी जितकी राखता येईल तितकी राखायची. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना साडू मला म्हणाले, "कारखान्यात केसाएवढी चीर असली तरी मी माल परत पाठवायचो हो." मी समजूत काढायला म्हणालो की तुमच्या त्या शेऱ्यामुळेच तर हे उघडकीला आलं, नाहीतर आणखी उशीर झाला असता. ते थांबले. "उघडकीला कुठे आलं? मी मार्क कापले." खरं सांगायचं तर त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी इतकी माया वाटली की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांनी तो झटकला नाही.

तो फोटो अजून तिथे आहे, खाली शेराही आहे. मुदतीनंतर मत बदलता येत नाही. शेरा मात्र पुसता येतो, पण त्यांनी तो पुसला नाही. ती साइट आता ओस पडलीय. लोकांच्या हातात फोन आले, एक ते दहा कोण मोजतं, अंगठा दाबला की झालं. वरच्या मजल्यावरचा तरुण अमेरिकेत गेला. जुने मोजके सभासद अजून फोटो पाठवतात आणि साडू अजून मतं देतात. थेंब वेळच्या वेळी घालूनही ताईंची नजर आकसत गेली. आता त्यांना एखाद्या नळीतून बघितल्यासारखं जरासं काही दिसतं, आणि तेही ऊन चांगलं असेल तर.

परवा गेलो तर दोघं संगणकासमोर शेजारी शेजारी बसली होती. मला बसायची खूण करून साडू ताईंना वाचल्यासारखे सांगत होते, "एक म्हातारी आहे. अंगणात बसलीय. ऊन मागून येतंय. उजवीकडे कुणाची तरी सावली घुसलीय, आणि कडेला—"

"कडेचं राहू द्या हो," ताई म्हणाल्या. "म्हातारी कशी आहे ते सांगा."

साडू पडद्यावर वाकले. बराच वेळ बघत राहिले. "पायावर हात ठेवून बसलीय. नखांत माती आहे. आत्ताच कामावरून उठली असावी."

"हसतेय?"

"नाही. पण कुणी हाक मारली तर हसेल."

"मग नऊ द्या."

त्यांनी नऊ दिले. दिले खरे, पण हात तिथेच घुटमळला, आणि आयुष्यात कधी कुणाला न विचारणारा तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "बरोबर आहे ना हो?"

मी मान डोलावली. मग ताईही माझ्या दिशेला चेहरा करून थांबल्यात असं दिसलं, तेव्हा मोठ्याने म्हणालो, "बरोबर आहे."